आधी पीठ, मग अंडं

—एकानंही नाही, वन्सं! एकानंही विश्वास ठेवला नाही माझ्यावर, आणि तुम्ही आता म्हणताय वर्ष झालं, जाऊ दे. काय जाऊ दे? जायला त्याला पाय आहेत? बसा. त्या स्टुलावर नको, त्याचा एक पाय हलतो, खुर्ची घ्या. पर्स ठेवा तिकडं आणि बाह्या वर करा — अहो तुम्हीच, आणखी कोण आहे इथं? तीन वाजलेत. चारला माझा मुलगा येणार, नातीला घेऊन. वर्षानं येणार, तेही स्वतःहून नाही, त्या पोरीनं हट्ट धरलाय म्हणून — आजोबांचे भातगोळे पाहिजेत. आजीचे नव्हे हं, आजोबांचे! चुलीशी मी भाजले, नाव त्यांचं. असो. आणि येणार म्हणजे तरी काय, फोनवर म्हणाला, "आई, डब्यात भरून ठेव, आम्ही बसणार नाही." आम्ही बसणार नाही. वर्षभर माझ्या घरचा पाण्याचा घोट घेतला नाही त्यानं. का, तर या हातानं बाप मारला. तोंडानं म्हणाला नाही तसं — म्हणाला असता तर बरं झालं असतं, एक थोबाडीत तरी देता आली असती. न बोलणाऱ्याला काय मारणार?

हा बघा भात. कालचा आहे. आजच्या भाताचे गोळे होत नाहीत, हे पहिलं. गरम भात हाताला चिकटतो आणि तेलात फुटतो. काल सकाळी लोण्यात कांदा परतला, जाडा बुटका तांदूळ घातला आणि मग एकेक पळी गरम सूप ओतत वीस मिनिटं ढवळत उभी होते — हलायचं नाही, फोन वाजू दे, दार वाजू दे. मग वरून किसलेलं चीज, आणि सगळं ट्रेमध्ये पसरून रात्रभर फ्रीजमध्ये. आता बघा कसा बसलाय, सुरीनं कापावा असा. भाताला झोप लागते, यांचं म्हणणं. झोपलेल्या भाताला काहीही करा, कुरकुरत नाही. घ्या, हात ओला करा. एवढा घ्या, लिंबापेक्षा मोठा, संत्र्यापेक्षा लहान. मधे अंगठ्यानं खड्डा पाडा, चीजचा तुकडा, चार मटार, मिटवा. दाबू नका! माणसाच्या गळ्याला धरल्यासारखं काय धरताय? चिमणी हातात घेतो तसं धरायचं — हेही त्यांचंच.

जहाजावर नऊ वर्षं भटारखान्यात काढली तुमच्या दादानं. तुम्ही तेव्हा फ्रॉकमध्ये होतात, तुम्हाला काय आठवणार. तिथला मोठा आचारी इटलीचा, टकलू म्हातारा, उरलेला भात कुणी समुद्रात टाकायला निघालं की पळी फेकून मारायचा. त्यानं शिकवलं यांना. त्याच्या भाषेत काहीतरी अरांचिनी म्हणतात, म्हणजे छोटी संत्री, तळल्यावर रंग तसा येतो म्हणून. मला ते नाव काही जमेना, मी चौथीपर्यंत शिकलेली बाई — मी म्हटलं, भाताचा गोळा आहे, भातगोळा म्हणा आणि मोकळे व्हा. तेच नाव पडलं. मग कारखान्याच्या कँटीनमध्ये लागले तेव्हा तर काय, मजूर ताटं आपटायचे, गोळे आणा गोळे आणा. सगळ्या गावाचे गोळेमास्तर झाले. रस्त्यात कुणी हाक मारली — ओ गोळेमास्तर! — की हे असे छाती काढून वळायचे, जसं काही सरकारनं पदक दिलंय. मी म्हणायची, अहो, तळणारी मी, मास्तर तुम्ही कसे? तर म्हणायचे, तू हेडमास्तर.

आणि ते मटाराचं. तुम्हाला माहीत आहे ते. जहाजावरचा नियम — सगळ्या गोळ्यांत चार-चार मटार, एका गोळ्यात एकच. ज्याच्या दाताखाली तो एकटा मटार येईल त्यानं त्या दिवशी भांडी घासायची. घरीही हेच. आणि तीस वर्षं, वन्सं, तीस वर्षं तो एकटा मटार माझ्याच ताटात! मी म्हणायची, माझं नशीबच भांड्यांचं. पुढं कळलं — त्या गोळ्याच्या बुडाला नखाची खूण करायचे, अशी, चंद्रकोरीसारखी, आणि नेमका तोच माझ्या ताटात वाढायचे. मी चिडायची, मुलगा टाळ्या पिटायचा, आई हरली, आई हरली. आणि मग बाही वर करून स्वतःच उठायचे भांडी घासायला. एकदाही घासू दिली नाहीत मला. हरवायचं मात्र रोज.

—अहो, काय करताय! थांबा, थांबा. आधी पीठ. किती वेळा सांगायचं? आधी मैदा, मग अंडं, मग पावाचा चुरा. तुम्ही आपल्या थेट अंड्यात बुडवताय. ओल्या भाताला अंडं धरत नाही, कोरडं पीठ मधे लागतं, नाहीतर तेलात गेल्यावर चुऱ्याचं कवच सुटतं, सापानं कात टाकल्यासारखं. लग्नाआधी तुम्ही असंच करायचात. मी सांगायची, दादा सांगायचा, पालथ्या घड्यावर पाणी. थेट अंडं, पीठ विसरायचंच. सगळ्या जगात ही चूक करणारी एकच बाई मला माहीत आहे.

आणि कचऱ्याच्या डब्यात मला कात सापडली होती, वन्सं.

बसा. उठू नका. हात पिठानं भरलेत तुमचे, कुठं निघालात? मी काही ओरडत नाहीये. ओरडले ते वर्षापूर्वी, आणि तिथंच चुकलं माझं. रडणारीचं खरं वाटतं लोकांना, भांडणारीचं नाही. दवाखान्यात तो डॉक्टर बाहेर आला आणि म्हणाला, छातीत नळी घातली तर भाताची शितं निघाली, यांना भात कुणी दिला? झालं, सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. बघणारच! सगळी वस्ती ज्या बाईकडून गोळे करून नेते तिच्याचकडे बघणार. शितावरून भाताची परीक्षा करतात म्हणे — यांनी शितावरून माझी केली. मी म्हटलं, मी नाही दिलं. कानीकपाळी ओरडून म्हटलं. जेवढं ओरडले तेवढी मी खोटी ठरले. तुम्ही त्या बाकावर पदर तोंडाला लावून बसला होतात. मी वाट बघितली. म्हटलं, आज नाही बोलणार, घाबरलीय, उद्या बोलेल. दुसरा दिवस गेला. तिसऱ्या दिवशी बोललात. काय बोललात, आठवतंय? "वहिनीचा जीवच तसा, दादानं मागितलं की तिला नाही म्हणवत नाही." किती गोड बोललात! माझं कौतुक करत करत फासावर दिलंत. मुलगा तिथंच उभा होता. त्यानं माझ्याकडे असं बघितलं — मला वाटलं, बाळंतपणात गेले असते तर बरं.

गुरुवार होता. मी पावडरीला गेले होते. पाणी घट्ट करायची पावडर, त्यांना साधं पाणीसुद्धा चालत नव्हतं ना. अर्धं अंग गेलं तेव्हा गळाही अर्धा गेला. ती गिळायला शिकवणारी बाई यायची — पोरगीच होती, पण कडक — तिनं मला चमचा वाकडा करून दाखवला, पाणी मधासारखं सावकाश पडलं पाहिजे, तेवढंच घट्ट. जेवण म्हणजे लगदा. बटाट्याचा लगदा, गाजराचा लगदा, दुधातल्या पावाचा लगदा. हनुवटी छातीला लावा, गिळा, पुन्हा गिळा, आता आ करून दाखवा. सात महिने. एक शीतही आख्खं दिलं तर छातीत जाईल म्हणाली, आणि मी लिहून घेतलं, माझ्या वाकड्या अक्षरात, आणि तिथं फ्रीजवर चिकटवलं. ज्या माणसानं जन्मभर लोकांना खाऊ घातलं त्याला मी लहान बाळासारखं भरवत होते, डोळ्यांत तेल घालून. आणि मी दिलं असेन?

तर गुरुवार. तुम्हाला म्हटलं, दोन तास बसा दादापाशी. दुकानात पावडर नव्हती, दुसऱ्या दुकानात गेले, तिथं रांग. येऊन बघते तर हे गादीवर टेकून बसलेले, आणि चेहरा — वन्सं, सात महिन्यांत तसा चेहरा पाहिला नव्हता मी. उजळलेला. ओठ चकचकीत. मला वाटलं, तुम्ही व्हॅसलीन लावलंत. तुम्ही म्हणालात, दादा आख्खा वेळ झोपून होता. आणि घाईघाईनं चपला घातल्यात, डाव्या पायातली उजव्यात. मी हसले होते त्याला! मग स्वयंपाकघरात आले. मी तळलेलं तेल कढईतच झाकून ठेवते, तुम्हाला माहीत आहे, आळशीपणा म्हणा. ते तेल गाळून बाटलीत भरलेलं होतं. फडक्यानं गाळून. बाटलीला हात लावला — कोमट. कोण गाळतं असं तेल? तुमच्या सासरी गाळतात. कढई घासून पालथी घातलेली. आणि दुसऱ्या दिवसाच्या ऑर्डरीसाठी ट्रेमध्ये पसरलेल्या भाताचा एक कोपरा गेलेला. मग डब्यात ती कात. मला तिथंच कळलं सगळं. तेव्हाच तुमच्या मागं धावत जाऊन झिंज्या धरायला हव्या होत्या. पण आतून खोकला आला, साधाच, दोनदा. संध्याकाळी अंग तापलं. पुढचं तुम्हाला माहीत आहे, चार दिवस.

रडू नका. पिठात पडेल. हे घ्या, हा पुरा करा, कवच नीट दाबा.

मग का नाही बोलले, असंच ना? चोर सोडून संन्याशाला फाशी होतेय आणि संन्यासी तोंडात मूग धरून बसलाय, का? मी काय एवढी साधू आहे? दोन शब्द बोलले असते तर तुमची पळता भुई थोडी झाली असती. कात होती, तेल होतं. पण मग कुणीतरी विचारलं असतं — दादानं बहिणीकडे का मागितलं, बायकोकडे का नाही?

मागितलं होतं. माझ्याकडेच मागितलं होतं. रोज. जीभ वळत नव्हती, पण डावा हात असा वाटीसारखा करायचे, आणि अंगठा फिरवायचे — गोळा. मी नाही म्हणायची. मग दुसऱ्या दिवशी पुन्हा तो हात. नाही. सात महिन्यांचे दिवस किती होतात ते तुम्ही मोजा, मला मोजवत नाही. आणि मंगळवारी, त्या गुरुवारच्या आधीचा मंगळवार... हे मी कुणाला सांगितलेलं नाही. सांगायला तुम्हाला बोलावलंही नव्हतं. मंगळवारी वरच्या मजल्यावरच्या बाईंची ऑर्डर होती, गोळे तळून टेबलावर निवायला ठेवले होते, आणि मी दारात कुणाशी तरी बोलत होते. वळून बघते तर हे — पलंगापासून टेबलापर्यंत, भिंतीला धरून, एकटे, सात महिन्यांत पहिल्यांदा एकटे चाललेले — आणि तोंडात गोळा. मी धावले. मानेला धरलं. तोंडात बोट घातलं, असं, आकड्यासारखं, आणि सगळं ओढून काढलं, टाळूवर चिकटलेलं शीतसुद्धा. ते दात आवळत होते, मी जबडा दाबून उघडत होते. नवऱ्याचा जबडा. आणि वर बोलले. बोलले, वन्सं. "हावरटा," म्हटलं, "मरायचंय का? मग एकदाच मर, मला रोज मारू नकोस." हाच शब्द. हेच तोंड. ते टेबलाला धरून तसेच उभे, हनुवटीवर लाळ, आणि डोळ्यांतून पाणी, आवाज नाही. त्यानंतर माझ्या हातून घास घेईनात. बुधवारी आख्खा दिवस ओठ मिटून. मी चमचा टेकवला की तोंड भिंतीकडे.

मग गुरुवारी तुम्ही आलात. मऊ बहीण. वाटीसारखा हात केला असेल. दादानं मागितलं, नाही कसं म्हणणार. बरोबर? मला एक सांगा, नुसती मान हलवा. गोळा त्यांनीच वळला ना? तुम्ही भात दिलात आणि त्यांनी एका हातानं, ताटलीवर दाबून वळला. मला ठाऊक आहे. कसं ठाऊक? अहो, कारण एक उरला होता. दवाखान्यातून कपड्यांची पिशवी दिली मला, सगळं आटोपल्यावर. घरी आणून उघडली, पायजम्याच्या खिशात काहीतरी टणक लागलं. कागदाच्या रुमालात गुंडाळलेला भातगोळा. एका बाजूनं सपाट — ताटलीवर दाबलेला तो, दुसरा हात नव्हता ना फिरवायला. कवच अर्धं सुटलेलं, ते तुमचं काम.

हा माझा पुरावा होता. तो नेऊन मुलाच्या पुढ्यात ठेवायचा, म्हणायचं, बघ, हा कुणाच्या हातचा, आणि हे कवच कुणाचं. चपला घातल्या होत्या मी. दारापर्यंत गेले होते. आणि सहज उलटा करून बघितला.

बुडाला नखाची खूण होती.

काय? — मागितला होता? तुमच्याकडे मटार मागितला? एकच? बोटानं दाखवलं, एक? ... मग तुम्ही विचारलं नाहीत, एकच का? नाही, तुम्हाला कुठून सुचणार. तुमच्या ताटात तो कधी आलाच नाही.

मी खाल्ला, वन्सं. तिथंच, दारात उभी राहून, चपला पायात. चार दिवसांचा, थंड, शिळा, दगडासारखा. चुऱ्यात मीठ विसरलेलं. पुरावा खाल्ला मी माझ्या हातानं. आणि मधोमध आला दाताखाली, एकटा. सुरकुतलेला मटार. मी ज्याच्या तोंडातून घास ओढून काढला, त्यानं दोनच दिवसांनी खिशात लपवून माझा घास ठेवला होता. आई हरली. मग मी वळले आणि त्या मोरीशी जाऊन घरातली सगळी भांडी घासली, घासलेली पुन्हा घासली. आता कुणी उरलं नव्हतं ना बाही वर करायला.

म्हणून नाही बोलले. कुणाला काय सांगू — पुरावा चविष्ट नव्हता पण मी तो गिळला? विश्वास ठेवला असता कुणी? वर्षभर तुम्ही मला घाबरत होतात आणि मी तुमचा हेवा करत होते. हो, हेवा! तोंड वासून काय बघता? तुम्ही त्यांना खाताना पाहिलंत. हसले का ते? ... हसले. वाटलंच मला. सात महिने मी जगवलं आणि हसले तुमच्याकडे बघून. त्या गिळायला शिकवणाऱ्या पोरीनं सांगितलेलं मी पाळलं, बरोबरच केलं मी, आजही तेच करीन. पण ते हसू मला नाही मिळालं. तेवढं मात्र तुम्हाला देवाकडून उसनं आणूनसुद्धा मला देता येणार नाही.

द्या तो ट्रे. तेल तापलंय. बाजूला व्हा, तुमच्या अंगावर उडेल. बघा, कसा रंग चढतोय. संत्रं. एकेक सोडायचा, गर्दी नाही. हा — हा मी वेगळा ठेवते, हा नातीच्या ताटात. बुडाला बघा खूण. भांडी घासेल आज ती, स्टुलावर उभी राहून. तुम्ही त्या स्टुलाखाली कागदाची घडी घाला, हलतं ते.

डबा? डब्यात कशाला भरायचे? डबा मी वर फळीवर टाकलाय, सापडणार नाही कुणाला. बसावं लागेल त्याला.

हे बघा, पावलं. जिन्यावर. ती पोरगी एक सोडून एक पायरी उडी मारते, तिचीच. डोळे पुसा — त्या हातानं नको, पीठ आहे — पदरानं. आता ऐका, वेळ नाही. दार तुम्ही उघडायचं, मी नाही. आणि उंबऱ्यातच सांगायचं, वहिनी घरात नव्हती, गोळे मी तळले. एवढंच, स्वतःच्या तोंडानं, माझं कौतुक न करता. तो ओरडेल. ओरडू दे. बापाचाच मुलगा आहे, ओरडून झालं की भूक लागते त्याला. आणि मग विचारील, विचारणारच तो, वर्षभर हेच विचारत आलाय मनात — की चूक कुणाची? तेव्हा खाली बघू नका. माझं नाव घ्यायचं नाही, ते झिजलंय आता. तुमचंही घेऊ नका, तुम्हाला ते पेलणार नाही. भात मागितला कुणी, वळला कुणी, एवढं बजावूनही खाल्ला कुणी आणि खिशात ठेवून गेला कुणी, त्याचं नाव सांगा. घंटा वाजली. जा. उघडा. सांगा त्याला — गोळेमास्तर.